मदत हवी आहे: १९५३ च्या टॉप्स कार्डाची कड कापलेली आहे का?

टॉप्स या अमेरिकन कंपनीच्या १९५३ च्या, लोक जमवतात त्या बेसबॉल कार्डांवर थेट फोटो नाही, फोटोवरून रंगवलेलं चित्र आहे. ओढ त्याचीच, नाहीतर एवढी डोकेदुखी कोण घेतो! बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सनचं १ नंबरचं कार्ड बघतोय. मूळ माप ६६.७ × ९५.३ मिमी, हे ६६ × ९५ भरतंय. १९९१ चं पुनर्मुद्रण ६३.५ × ८८.९ चं, म्हणजे ते नक्कीच नाही. पण नावाची रंगीत पट्टी थेट कडेपर्यंत जाते, तिथली शाई सहज उडते आणि पांढरा कागद दिसतो. इथे कड करकरीत आहे. कापलीय की पेनाने रंगवलीय, दहापट भिंगाखाली कसं ओळखायचं? अतिनील टॉर्चचा उपयोग होईल का? विक्रेत्याकडून कडेचे कोणते फोटो मागवू?