मोठ्या शहरात एकटीने फिरताना संध्याकाळी करायचं काय?

खिडकीची_सीट :
ऑफिसच्या कामाने एका मोठ्या शहरात जातेय, काम संपल्यावर पुढे सुट्टी जोडून घेतलीय. घरचं कोणी येऊ शकत नाहीये, मैत्रिणींच्या तारखा जुळत नाहीत, म्हणजे एकटीच. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, नाहीतर लगेच हे बघ ते बघ अशा याद्या सुरू होतील, त्या गूगलवर ढिगाने आहेत. माझा प्रश्न वेगळाय. दिवस जाईल हो, संध्याकाळचं काय? सहा वाजले की सगळे आपापल्या माणसांबरोबर टेबलं धरून बसणार आणि आपण रूमवर मोबाईल घेऊन लोळणार, असंच डोळ्यासमोर येतंय. एकटीने टेबल मागायचा मला फार संकोच वाटतो. दिवसभर बोलायला कोणी नाही याने कंटाळा येतो का? आणि रात्री उशिरापर्यंत बाहेर राहायचं का नाही? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा प्लीज, "मस्त एन्जॉय कर गं" टाइप नको.

भटकभवानी :
संध्याकाळ बरोबर पकडलीत. दिवसा एकटं वाटतच नाही कारण दिवसा शहरातले निम्मे लोक एकटेच असतात, कोणी कामाला निघालंय कोणी कामावरून येतंय, तुमच्याकडे बघायला वेळ कोणाला आहे. खरी गोची साडेपाच ते आठ. म्यूझियमं बंद झालेली, पाय बोलायला लागलेले, जेवायला अजून अवकाश, आणि नेमकी त्याच वेळेला घरची आठवण येते. म्हणून मी दिवसाचा प्लॅन करतच नाही, संध्याकाळचा करते. रोज एकच गोष्ट, वेळ ठरलेली आणि शक्यतो तिकीट आधी काढलेलं, म्हणजे ऐनवेळी आळस करता येत नाही. दिवस मग कसाही जाऊ दे.

बऱ्याच मोठ्या म्यूझियमांचा आठवड्यातला एखादा वार उशिरापर्यंतचा असतो, तो आधी शोधायचा. लंडनचं व्ही अँड ए शुक्रवारी रात्री १० पर्यंत उघडं असतं, न्यूयॉर्कचं मेट शुक्रवार-शनिवार ९ पर्यंत, पॅरिसचं लूव्र बुधवारी आणि शुक्रवारी ९ पर्यंत. त्या वेळी शाळेच्या सहली नसतात आणि झेंडा घेऊन पळणारे गाइडही कमी असतात. (बंद असायचा वारही बघून ठेवा, लूव्र मंगळवारी बंद आणि तिथलंच ओर्से म्यूझियम सोमवारी, दारापर्यंत जाऊन परत फिरणारे रोज दिसतात.)

आणि नाटक, कॉन्सर्ट, ऑपेरा यांच्या बाबतीत तर एकटं माणूस नशीबवानच. लोक जोडीने तिकिटं काढतात त्यामुळे चांगल्या रांगेत मधेच एखादी खुर्ची उरते, चौघांच्या ग्रुपला ती घेऊन काही उपयोग नाही, तुम्हाला आहे. न्यूयॉर्कमध्ये टाइम्स स्क्वेअरजवळ टीकेटीएसचं काउंटर आहे, १९७३ पासून, त्याच दिवसाच्या शोची तिकिटं कमी दरात मिळतात. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात चारशेच्या वर जागा उभ्याने बघायच्या आहेत, तिकीट अगदी स्वस्त, आणि जागा धरायची जुनी पद्धत काय तर समोरच्या दांड्याला आपला स्कार्फ बांधायचा आणि खुशाल फिरून यायचं, कोणी हात लावत नाही. असल्या रांगेत शेजारचा माणूस आपणहून बोलतो कारण त्यालाही वेळ काढायचा असतो.

जेवणाचं म्हणाल तर टेबल मागूच नका, काउंटर मागा. काउंटरला सगळे एका बाजूला तोंड करून बसतात, समोरची रिकामी खुर्ची नावाची जी खुपणारी वस्तू आहे ती तिथे नसतेच. किंवा मुख्य जेवण दुपारी उशिरा करायचं, गर्दी ओसरलेली असते, वेटरकडे वेळ असतो, आणि रात्री काहीतरी हलकं घेऊन रूमवर. यात कमीपणा काय आहे?

घुम्या :
मी जरा वेगळं सांगतो. रोज संध्याकाळ भरलीच पाहिजे हा हट्ट कशाला? मला एकट्याने फिरताना सगळ्यात जास्त मजा पहाटे येते. रात्री नऊला झोपायचं आणि साडेपाचला बाहेर. बाजारात माल उतरत असतो, रस्ते धुतले जात असतात, जिथे दुपारी उभं राहायला जागा नसते तिथे तुम्ही आणि कबुतरं. बरोबर कोणी असेल तर हे कधीच जमत नाही, कारण दोघातल्या एकाला झोपायचंच असतं. संध्याकाळी दमून रूमवर लोळलात तरी काय बिघडलं, सुट्टी आहे ना?

पायाला_भिंगरी :
घुम्या +१ पण बोलायला माणूस लागतंच हो. मला दोन दिवस कोणाशी बोललो नाही की मी लिफ्टशी बोलायला लागतो. त्यामुळे मी कुठेही गेलो की आधी तिथे पार्करन आहे का बघतो. शनिवारी सकाळी, ५ किलोमीटर, फुकट, कुठल्याही देशातला माणूस येऊ शकतो, एकदा ऑनलाइन नाव नोंदवून आपला बारकोड घेऊन जायचा बस. २००४ मध्ये लंडनच्या बुशी पार्कमध्ये सुरू झालं, आता किती तरी देशांत आहे. धावायलाच पाहिजे असं काही नाही, चालत जाणारेही भरपूर असतात, आणि संपल्यावर सगळे कॉफीला जातात तिथे तुम्ही आपोआप ओढले जाता. चित्रं काढत असाल तर अर्बन स्केचर्सचे ग्रुप बघा, एखाद्या चौकात बसून सगळे गप्प चित्र काढतात आणि शेवटी वह्या जमिनीवर मांडून एकमेकांच्या बघतात. चित्र वाईट असलं तरी चालतं, माझं असतं.

अजून एक, ग्रीटर. न्यूयॉर्कला बिग ॲपल ग्रीटर म्हणून आहे १९९२ पासून, तिथे राहणारा माणूस फुकट आपल्या भागात फिरवतो, टिप पण घेत नाहीत. आता तसे ग्रीटर बऱ्याच शहरांत आहेत. फक्त काही आठवडे आधी अर्ज करावा लागतो, निघायच्या आदल्या दिवशी आठवण झाली तर उपयोग नाही. हे लोक प्रेक्षणीय स्थळं दाखवत नाहीत, आपली लायब्ररी, आपलं पार्क, ज्या बाकावर ते बसतात तो बाक असलं दाखवतात, आणि मला तरी तेच आवडतं.

खिडकीची_सीट :
बापरे, सगळ्यांना थँक्यू! काउंटरचं डोक्यातच आलं नव्हतं. स्कार्फचा किस्सा भारी. पण सेफ्टीबद्दल कोणी बोललं नाही. घरचे रोज तेच विचारतायत, आणि "काळजी घे" यापलीकडे कोणी काही सांगत नाही.

भटकभवानी :
सांगते. पहिली गोष्ट, पहिल्या दिवशी अंधार पडायच्या आत पोचा, निदान रूमपासून स्टेशनपर्यंतचा रस्ता एकदा उजेडात चालून बघा. रूम स्वस्त मिळते म्हणून लांब घेऊ नका, एकटीला शेवटचा एक किलोमीटर फार लांब वाटतो. मी बाकी खर्च कमी करते पण राहायची जागा वर्दळीच्या रस्त्यावर आणि स्टेशनजवळच घेते, त्यात तडजोड नाही.

दुसरं म्हणजे खरी भीती अंधाऱ्या गल्लीची कमी आणि गोड बोलणाऱ्यांची जास्त. पॅरिसला साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांशी हातात दोरा बांधायला येतात, बांधला की पैसे मागतात, हात खिशात ठेवून सरळ चालायचं. शांघाय-बीजिंगला "आमचा इंग्लिशचा सराव होईल, चला चहा प्यायला" म्हणणारे तरुण भेटतात आणि मग बिल बघून घाम फुटतो. नियम सोपा ठेवलाय मी, मी कोणाला काही विचारायला गेले तर ठीक, कोणी आपणहून मला शोधत आलं तर नाही. कुठल्या हॉटेलात उतरलात आणि एकट्याच आहात का, हे विचारलं की बिनधास्त खोटं बोलायचं, "मैत्रिणी पुढे गेल्यात, त्यांनाच गाठायचंय". टोकियो, मेक्सिको सिटी, कैरो इथल्या मेट्रोत बायकांसाठी वेगळे डबे असतात (टोकियोत मुख्यतः गर्दीच्या वेळी), प्लॅटफॉर्मवर खुणा असतात तिथे उभं राहायचं. इमर्जन्सी नंबर शहराप्रमाणे बदलतो, युरोपात ११२, अमेरिकेत ९११, जपानमध्ये पोलीस ११० आणि ॲम्ब्युलन्स ११९, तो कागदावर लिहून पर्समध्ये ठेवा. फोन गेला तर फोनमधला नंबर काय कामाचा.

घरच्यांना रोज एका ठरलेल्या वेळी मेसेज करते असं सांगा. दिवसभर लोकेशन शेअर करून ठेवायला माझा विरोध आहे, बॅटरी जाते आणि त्यांचीही काळजी वाढते, टिंब हललं नाही की फोन.

नकाशेवाला :
उशीर किती करायचा याचं उत्तर घड्याळात नाही, शेवटच्या गाडीत आहे, आणि ते प्रत्येक शहरात वेगळं. न्यूयॉर्कची सबवे चोवीस तास चालते. लंडनला रात्रभर ट्यूब (तिथली मेट्रो) फक्त शुक्रवार-शनिवारी आणि तीही ठरावीक लाइनींवर, २०१६ पासून. टोकियोत मध्यरात्रीच्या आसपास सगळं बंद म्हणजे बंद, मग टॅक्सी किंवा पहाटेची पहिली गाडी. नाटकाचं तिकीट काढताना तेव्हाच ते किती वाजता सुटतं आणि परतीची गाडी कुठली हे बघून टाका, बाहेर पडल्यावर गर्दीत उभं राहून बघू नका.

भटकभवानीताई बाकी बरोबर पण तिकिटाशिवाय पण संध्याकाळ मस्त जाते, फेरीबोट पकडायची. न्यूयॉर्कची स्टेटन आयलंड फेरी फुकट आहे, साधारण २५ मिनिटं, स्वातंत्र्यदेवीच्या समोरून जाते, पलीकडे उतरून परत चढायचं एवढंच. इस्तंबूलला एमिनोन्यूवरून काडिक्यॉयला बोटीने गेलं की वीसेक मिनिटांत युरोपातून आशियात, आणि सूर्यास्ताला बोटीवर कामावरून घरी जाणारी माणसं असतात, पर्यटक थोडे. बोटीत एकटं बसलेल्या माणसाकडे कोणी वळूनही बघत नाही. उंचावरून शहर बघायचं असेल तर टोकियोच्या मेट्रोपॉलिटन गव्हर्न्मेंट बिल्डिंगची गॅलरी २०२ मीटरवर आहे आणि फुकट, तिथे जायच्या आधी पैसे देऊन दुसऱ्या टॉवरवर चढू नका.

आणि नकाशा ऑफलाइन डाउनलोड करून ठेवा, पण मोठ्या स्टेशनात त्याचाही उपयोग नसतो. टोकियोच्या शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर बाहेर पडायचे रस्ते आहेत, चुकीच्या दारातून बाहेर आलात तर हॉटेल समोर दिसूनही वीस मिनिटं चालावं लागतं. म्हणून हॉटेलच्या पत्त्याबरोबर जवळच्या एक्झिटचा नंबर बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या, बहुतेक ठिकाणी मेलवर लगेच सांगतात.