छावणीत आधी जीव वाचवायचे, की दुखणंही बघायचं?

धागाकर्ता: निळी चिठ्ठी
२०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपत्तीतल्या पॅलिएटिव्ह केअरची, म्हणजे बरं न होणाऱ्या रुग्णाच्या वेदना आणि त्रास कमी करणाऱ्या सेवेची, मार्गदर्शिका काढली. त्याच वर्षी मदतकार्याचे किमान निकष ठरवणाऱ्या स्फिअर हँडबुकमध्येही ही सेवा आली. तरी गरीब देशांतल्या छावण्यांत ती शेवटच्या रांगेतच आहे. माझं मत, ती पहिल्या दिवसापासून हवी. जखमींची वर्गवारी करताना लाल, पिवळी, हिरवी आणि वाचण्याची आशा नसलेल्यांना निळी चिठ्ठी. निळी म्हणजे कोपऱ्यात सरकवणं नव्हे. वेदनाशामक, ओले ओठ, शेजारी घरचं माणूस, आणि गर्दी ओसरली की पुन्हा तपासणी. त्यातला एखादा तेव्हा तातडीच्या उपचारांच्या लाल गटात जाऊ शकतो.

हिशेबी
सहमत नाही. कॉलऱ्याने कोलमडलेल्या प्रौढाला वजनाच्या किलोमागे १०० मिली रिंगर लॅक्टेट (शिरेतून द्यायचं क्षारांचं सलाईन) तीन तासांत द्यावं लागतं, त्यातलं ३० मिली पहिल्या अर्ध्या तासात. उपचार नाही मिळाले तर असे निम्मे रुग्ण दगावू शकतात. मिळाले तर मृत्यू एक टक्क्याच्या आत. त्या अर्ध्या तासात नर्स दुसरीकडे गुंतली तर काय होतं ते सांगायला नको. सगळी सोंगं आणता येतात, नर्सचं नाही.

औषधभांडार
दोघंही नर्सवर अडलात. खरा खोळंबा औषधाचा आहे. लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या २०१७ च्या आयोगाचा आकडा बघा: जगात वर्षाला वाटल्या जाणाऱ्या, मॉर्फिनच्या मापाने २९८.५ टन ओपिऑइडपैकी (मॉर्फिनसारखी तीव्र वेदनाशामकं) सर्वात गरीब देशांच्या वाट्याला ०.१ टन. छावणीत मॉर्फिन असलंच तर बहुधा इंजेक्शनचं, आणि कॅन्सरचा रुग्ण पडलाय तंबूत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तोंडाने घ्यायच्या द्रावणाचं गणित: दर चार तासांनी ५ मिग्रॅ, म्हणजे दिवसाला ३०. शंभर रुग्णांना महिन्याला ९० ग्रॅम पूड. ती एका बरणीत मावते. पण १ मिलीत १ मिग्रॅ या ताकदीचं द्रावण होतं ९० लिटर! तेवढं शुद्ध पाणी, बाटल्या, आणि बुरशी येऊ नये म्हणून संरक्षक रसायन. पूड आणली आणि बाटल्या विसरल्या, की सगळं ठप्प.

हिशेबी
आणि १ मिलीत १० मिग्रॅची बाटली त्याच कपाटात असली तर? तेवढेच मिली, दहापट डोस. श्वास मिनिटाला आठच्या खाली गेला तर नॅलोक्सोन, म्हणजे मॉर्फिनचा उतारा, हवं, आणि त्याचा असर मॉर्फिनच्या आधी उतरतो, म्हणजे पुन्हा बसून लक्ष ठेवा. कोण ठेवणार?

रात्रपाळी
म्हणून छावणीत एकच ताकद ठेवायची, दुसरी आणायचीच नाही. सिरिंजवर ५ मिलीच्या रेघेला रंगीत पट्टी लावली की अक्षरओळख नसलेली सूनही बरोबर मोजते. झोपताना दुप्पट दिलं तर रात्री दोनला उठावं लागत नाही. बहुतेकदा घात करतो तो मॉर्फिन नव्हे, बद्धकोष्ठ. सोबत बिसाकोडिल हे रेचक दिलं नाही की चौथ्या दिवशी पोट फुगतं, घरचे म्हणतात "औषध बाधलं", आणि बाटली बंद. मूत्रपिंड बिघडलेल्याला डोस कमी आणि अंतर जास्त. कुजलेल्या जखमेच्या वासावर मेट्रोनिडॅझोल या जंतुनाशक औषधाच्या गोळ्यांची पूड. नर्सच्या टंचाईबद्दल म्हणाल तर युगांडात प्रशिक्षित नर्सना २००४ पासून मॉर्फिन लिहून द्यायची कायदेशीर मुभा आहे. दर वेळी डॉक्टर शोधावा लागत नाही.

निळी चिठ्ठी
नर्सचा मुद्दा मान्य, कॉलऱ्याच्या वॉर्डातली नर्स ओढून आणू नका. पण रुग्णाची कूस दर दोन तासांनी बदलायला नर्स कशाला? स्वयंसेवकाला शिकवता येतं.

हिशेबी
ठीक. पहिल्या आठवड्यात माझा विरोध कायम. पण मॉर्फिन आयातीच्या परवान्याचा अर्ज पहिल्याच दिवशी टाका, एवढं मान्य.

औषधभांडार
तिथेच मेख आहे. एरवी आयात करणाऱ्या देशाचा परवाना दाखवल्याशिवाय निर्यातदार माल सोडत नाही. १९९६ च्या आंतरराष्ट्रीय नमुना मार्गदर्शक सूचनांनी यात सूट दिली, पण ती अचानक आलेल्या आणीबाणीपुरती. सातव्या वर्षातली छावणी त्यात बसत नाही. शिवाय अर्ज ज्या फार्मासिस्टच्या नावाने, त्याची सहा महिन्यांत बदली झाली तर कपाटाची किल्ली आणि नोंदवही कोणाकडे, हे अर्जातच लिहा. नाहीतर माल गोदामात, रुग्ण तंबूत, आणि मध्ये कुलूप.