मदत हवी आहे : अनुकरणवाचक शब्द आणि अलंकार वर्गात कसे शिकवावेत?

सर्व शिक्षक बंधुभगिनींना नमस्कार.

मी इयत्ता आठवीला मराठी शिकवते. अभ्यस्त शब्दांतील (शब्दाची किंवा अक्षरांची पुनरावृत्ती होऊन बनलेल्या शब्दांतील) अनुकरणवाचक, म्हणजे आवाजाची नक्कल करणारा गट शिकवताना गडगडाट, सळसळ, किणकिण असे शब्द मुलांना चटकन उमगतात, कारण त्यामागचा आवाज त्यांनी ऐकलेला असतो. परंतु लखलख, लुकलुक, झगमग यांना कोणताच आवाज नाही, आणि ठसठस तर केवळ वेदनेची जाणीव आहे, तरीही हे शब्द त्याच गटात का धरतात, असे मुले विचारतात आणि हा प्रश्न मला अगदी रास्त वाटतो. नाद आणि प्रकाश, स्पर्श किंवा वेदना यांतील हे नाते आपण मुलांना कोणत्या शब्दांत समजावता?

दुसरी अडचण अधिक गंभीर आहे. ‘सारखा’ दिसला की उपमा आणि ‘जणू’ दिसला की उत्प्रेक्षा, एवढ्यावरच मुले अलंकार ओळखतात. उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांतील साधर्म्य शोधण्याची तसदी घेत नाहीत, त्यामुळे साधर्म्यवाचक शब्द नसलेले, उपमेय आणि उपमान एकरूप मानणारे रूपक समोर आले की ती गोंधळतात. गुण मिळतात, पण स्वतःच्या लेखनात एकही ताजी उपमा उतरत नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

पावसासाठी भुरभुर, रिमझिम, रिपरिप, धो धो असे शब्द देऊन प्रत्येकावर एक प्रसंग लिहून घ्यावा, असा माझा विचार आहे. असा उपक्रम कोणी केला असल्यास त्याची मांडणी आणि मूल्यमापन कसे केले, ते कृपया सविस्तर कळवावे.