व्हिटनीचं 'आय विल ऑल्वेज लव्ह यू': गळा मोठा की लेखणी?

तारसप्तक
काल एका सदस्याने लिहिलं, "डॉली पार्टनचं साधं, सुंदर गाणं व्हिटनी ह्यूस्टनने किंचाळून वाढवलं. १९९२ चा 'द बॉडीगार्ड' सिनेमा चालला म्हणून तेही चाललं." वाचून डोकं उठलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

ज्याला किंचाळणं म्हणता ते शेवटच्या दीडेक मिनिटात येतं. सुरुवातीला जवळजवळ पाऊण मिनिट एक वाद्य नाही, नुसता गळा. रेडिओवर असलं चालणार नाही म्हणून रेकॉर्ड कंपनी नाखूश होती. सिनेमाचा नायक केविन कॉस्टनर अडून बसला. गाणंही त्यानेच सुचवलं, कारण आधी ठरलेलं जुनं गाणं दुसऱ्या सिनेमाने उचललं होतं. त्याने डॉलीच्या गाण्याची गायिका लिंडा रॉनस्टॅटने गायलेली १९७५ ची आवृत्ती पुढे केली. तिच्यात शेवटचं कडवं नव्हतं, ते डॉलीने व्हिटनीच्या गाण्याचा निर्माता डेव्हिड फॉस्टरला सांगितलं.

सॅक्सोफोन संपल्यावरची जागा हेडफोन लावून ऐका. सगळं थांबतं, ड्रमचा एकच ठोका, आणि सूर एक पूर्ण स्वर वर चढतो. तोवर राखून ठेवलेला दम तिथे सुटतो. नेवार्कच्या चर्चमध्ये आईच्या हाताखाली घडलेला गळा आहे तो. अमेरिकेच्या बिलबोर्ड गाण्यांच्या यादीत सलग १४ आठवडे पहिला नंबर नुसत्या सिनेमाच्या जोरावर टिकत नाही.

साधासूर
ते वाक्य माझंच, आणि मी मागे घेणार नाही. डॉलीने हे गायक पोर्टर वॅगनरचा टीव्ही कार्यक्रम सोडताना लिहिलं. ज्याने हात धरून वर आणलं त्याचा निरोप घेताना माणूस हळूच बोलतो. १९७४ मध्ये कंट्री, म्हणजे अमेरिकी ग्रामीण ढंगाच्या गाण्यांच्या यादीत पहिलं आलं, १९८२ मध्ये पुन्हा. व्हिटनीशिवाय दोनदा! तुमच्या त्या शेवटच्या दीड मिनिटाने पिढ्या बिघडवल्या. रिअ‍ॅलिटी शोमध्ये दहा वर्षांची पोरं घसा ताणतात आणि परीक्षक उभे राहतात. माझ्या भाचीचा आवाज यातच बसला. सहा महिने रियाज बंद.

मडगावची_माया
भाचीचा आवाज बसला त्यात व्हिटनीचा काय दोष? शिकवणाऱ्याला विचारा. मी लग्नाच्या बँडमध्ये गाते, नवरा-नवरीच्या पहिल्या नाचाला हेच गाणं मागतात. निरोपाचं गाणं आहे हो, सांगून दमले! आणि अवघड शेवट नाहीच, पहिली ओळ अवघड. मागे कीबोर्ड नाही, हॉलमध्ये ताटं वाजताहेत, आणि पट्टी आपली आपण धरायची. किंचाळणारीला तिथेच घाम फुटतो.

व्हाउचर
गळ्यावर भांडताय, पण या गाण्यातला खरा धडा हक्कांचा आहे. एल्व्हिस प्रेस्लीला हे गायचं होतं. त्याच्या मॅनेजरने, कर्नल पार्करने, प्रकाशनहक्कांतला, म्हणजे लिहिणाऱ्याच्या कमाईतला, अर्धा वाटा मागितला. डॉली नाही म्हणाली आणि रात्रभर रडली. तो नकार नसता तर १९९२ नंतरचा अर्धा पैसा परक्याच्या खिशात गेला असता.

मी एका जाहिरातीला चाल दिली होती. एकरकमी आठ हजार, रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही, संपलं. चाल वर्षानुवर्षं वाजत राहिली. आपल्याकडे कवी-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा कायद्याने पक्का झाला कॉपीराइट कायद्याच्या २०१२ च्या दुरुस्तीत. तोवर आमच्यासारख्यांच्या सह्या होऊन गेल्या होत्या.

तारसप्तक
वाईट झालं तुमचं. पण गायिकेचं काय? अमेरिकेत साध्या रेडिओवर गाणं वाजलं की लिहिणाऱ्याला पैसे, गाणाऱ्याला काही नाही. व्हिटनीचा आवाज वाजतो आणि रॉयल्टी डॉलीला!

व्हाउचर
बरोबरच आहे. गाणं जन्माला कुणी घातलं?

तारसप्तक
आणि घराघरात कुणी नेलं? साठच्या दशकात लताबाई गायकांच्या रॉयल्टीसाठी भांडल्या. रफीसाहेबांचं म्हणणं, मानधन मिळालं की विषय संपला. त्यावरून दोघांनी काही वर्षं एकत्र गायचं सोडलं. लताबाई चुकल्या म्हणता?

व्हाउचर
शब्द माझ्या तोंडात कोंबू नका. गायकाला मिळावं, पण कवीचा घास काढून नव्हे.

मडगावची_माया
कवीचा घास कोण मागतंय? रेडिओवाल्यांकडून मागा की! दर वेळी गरिबांनीच आपसात वाटणी का करायची?

साधासूर
मूळ मुद्दा राहिला बाजूला. असो. पहिलं पाऊण मिनिट आज पुन्हा ऐकलं, चांगलं आहे, एवढं देतो. ड्रमच्या ठोक्यापुढचं मला चालत नाही, चालणार नाही.

तारसप्तक
ठोक्यानंतरचं नको तर आधीचंही घेऊ नका. ती पुढे कुठे जाणार आहे हे ठाऊक होतं म्हणून तर सुरुवातीला इतकी दबून गायली.

व्हाउचर
आणि डॉलीने १९७३ मध्ये ते वरपासून खालपर्यंत एका आवाजात गायलं, काही ओळी तर नुसत्या बोलली. तिला कुठे चढावं लागलं?