निकालाच्या दिवसाला ‘डी-डे’ का म्हणायचं?

जुनी_शाई:
दहावीचा निकाल असो, मतमोजणी असो की घरातल्या कुणाचं ऑपरेशन, आदल्या रात्री एकच वाक्य ऐकू येतं: ‘उद्या डी-डे!’ मला ते खटकतं. शब्द इंग्रजी आहे म्हणून नाही, तर तो भलत्याच दिवसाला चिकटवलाय म्हणून. ६ जून १९४४ ला दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचं सैन्य फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर उतरलं. तो चढाईचा पहिला दिवस. (शिवराज्याभिषेकाचीही तारीख ६ जूनच, त्यामुळे ती माझ्या पक्की लक्षात आहे.) पॅरिस मोकळं व्हायला २५ ऑगस्ट उजाडला आणि युरोपातलं युद्ध थांबायला ८ मे १९४५. म्हणजे डी-डेच्या संध्याकाळी कसलाच निकाल लागलेला नव्हता. परीक्षेचा पहिला पेपर हा डी-डे म्हणा हवं तर, निकालाचा दिवस नव्हे.

घाटमाथा:
साफ अमान्य. या ‘डी’ला स्वतःचा अर्थच नाही. अनेकांना तो ‘डिसिजन’चा किंवा ‘डूम’चा वाटतो, पण तो नुसता ‘डे’चा आहे. नॉर्मंडीच्या आधी, पहिल्या महायुद्धात, सप्टेंबर १९१८ मध्ये, फ्रान्समधल्या सॅं-मियेलच्या हल्ल्यासाठी अमेरिकी सैन्याच्या आदेशात तो आलाय. तारीख गुप्त ठेवायची असते, पुढेमागेही होते. म्हणून कागदावर फक्त ‘डी’ लिहायचं, आणि तीन दिवस आधीची कामं ‘डी वजा तीन’खाली. नॉर्मंडीचंच पाहा: ५ जून ठरला होता, हवा बिघडली आणि एक दिवस पुढे गेलं. म्हणजे हा शब्द मुळात रिकामी जागा आहे. तिथे कुणी निकालाचा दिवस बसवला तर बिघडलं काय? आपण नाही का म्हणत, ‘निवडणुकीत पक्षाचं पानिपत झालं’? १४ जानेवारी १७६१ चा हिशेब तिथे कोण मागतं?

जुनी_शाई:
पानिपताचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. तेव्हा दारुण हार झाली, आजही आपण हारच म्हणतो. इंग्रजीतलं वॉटर्लूही तसंच: नेपोलियनची तिथे अखेरची हार झाली, आजही अर्थ हारच. आकार लहान झाला, अर्थ फिरला नाही. डी-डेत मात्र सुरुवातीच्या दिवसालाच शेवटचा दिवस करून टाकलाय. शिवाय त्या एका दिवसात दोस्तांचेच चार हजारांवर सैनिक गेले. मार्कांसाठी तो शब्द काढताना मला जड जातं.

कागदी_होडी:
मी भाषांतरं करते. तुमच्या वादापेक्षा मोठी अडचण शब्दशः उचलण्याची आहे. ‘मोमेंट ऑफ ट्रुथ’चं ‘सत्याचा क्षण’ झालेलं मी कितीदा तरी दुरुस्त केलंय. तो स्पॅनिश बैलझुंजीतला, शेवटची तलवार चालवण्याचा क्षण. मराठीत ‘कसोटीची वेळ’ आहे, ‘सोक्षमोक्ष’ आहे. ‘हातघाईवर येणं’ तर थेट लढाईतलंच आहे. या शब्दांना धार आहे, ते वापरा ना.

रात्रपाळी:
मी शस्त्रक्रिया विभागात परिचारिका आहे. आईला आत नेताना मुलगा म्हणतो, ‘सिस्टर, आज आमचा डी-डे.’ तिथे ‘आज सोक्षमोक्ष’ म्हणून बघा. जिवावरचं काही मराठीत उच्चारायला माणसाची जीभ वळत नाही. परक्या शब्दामुळे भीती थोडी लांब राहते. त्याला मी तारखा सांगू?

जुनी_शाई:
नाही, ताई. ऑपरेशनपुरता मी माझा शब्द मागे घेतो. हा विचार मी केलाच नव्हता. पण मतमोजणीच्या बातमीत अशी भीती नसते. तिथे ‘आज फैसला’ असा सरळ आपला शब्द असताना डी-डे कशाला?

घाटमाथा:
‘फैसला’ तरी आपला कुठे? अरबी-फारसीतून आला, दरबारात रुळला आणि आता तुम्हीच त्याला आपला म्हणताय.