मदत हवी आहे : अंतर-काल आलेखात घाट कसा दाखवायचा?

मुलगी नववीत आहे. अंतर-काल आलेखावरची गणितं सोडवते, उत्तरंही येतात, पण आलेख वाचता येत नाही असं मला वाटतं. म्हणून डेक्कन क्वीन दिली. आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर मुंबईपासूनचं अंतर : कर्जत १०० किमी, लोणावळा १२८, पुणे १९२. पठ्ठीने कर्जतपुढे रेघ तटकन वर नेली. का, तर "घाट आहे ना, गाडी चढतेय!" रेघेचा चढ म्हणजे चाल, हे तोंडपाठ आहे, तरी कागदावर तिला डोंगरच दिसतो. कसं समजावू? आणि परतीला रेघ खाली येणार का? यावर घरात दोन तट पडलेत.

प्रतिसाद १
घाट सोडू नका, तेच उत्तम उदाहरण आहे. फक्त रेघेआधी आकडे मांडायला लावा. घाटातले २८ किमी साधारण पाऊण तासाचे धरा, म्हणजे ताशी ३७ किमी. लोणावळा-पुणे ६४ किमी तासाभराचे धरा, म्हणजे ताशी ६४. आता काढ म्हणावं रेघ. रुळांना जिथे ३७ला १ (३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर) असा खडा चढ, तिथेच कागदावरची रेघ निजलेली! कर्जतला मागे बँकर, म्हणजे ढकलणारी जादा इंजिनं लागेपर्यंत तर ती पार आडवी. घड्याळ चालू, गाडी जागेवर. सरळ उभी रेघ काढली तर मात्र विचारा, शून्य वेळात पोचली का गाडी?

प्रतिसाद २
परतीचं भांडण अक्षावर काय लिहिलंय त्यावर मिटेल. 'मुंबईपासूनचं अंतर' असेल तर रेघ उतरत शून्यावर येते. 'एकूण कापलेलं अंतर' असेल तर ३८४ पर्यंत चढतच जाते, ती खाली येऊच शकत नाही. म्हणजे दोन्ही तट बरोबर असू शकतात. रेल्वेत सेक्शन कंट्रोलरचा, म्हणजे एका टप्प्यातल्या गाड्यांची ये-जा सांभाळणाऱ्याचा, चार्ट असाच असतो, एका अक्षावर स्टेशनं, दुसऱ्यावर वेळ. जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्यांच्या रेघा एकमेकींना छेदतात. एकेरी मार्गावर तो छेद स्टेशनातच पडायला हवा, नाहीतर गाड्या समोरासमोर!

धागाकर्ती
आकड्यांनी काम झालं, आभार! आता तिचा प्रश्न : लोणावळ्यातून सुटताना रेघेला टोकदार कोपरा काढायचा की गोलाई?

प्रतिसाद १
खरं तर गोलाई. थांबलेली गाडी एकदम ताशी ६४ने धावत नाही, चाल हळूहळू वाढते. पण आपण सरासरी चाल धरलीय, तेव्हा कोपरा चालेल. गोलाई काढली तर वही तपासणाऱ्या बाई खूश होतील, एवढंच.