विषय: टर्कीसाठी नवा चोक, बसवण्याआधी काय करायचं?

प्रेषक: कोलंबिया, मिझुरी

नमस्कार मंडळी,

एप्रिलच्या तिसऱ्या सोमवारी आपल्या राज्यात जंगली टर्की पक्ष्याच्या शिकारीचा वसंतातला हंगाम सुरू होतोय. माझा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, परवाना या आठवड्यात काढतो. बंदूक १२ गेजची (गेज म्हणजे नळीच्या जाडीचं माप), मॉसबर्ग ५०० पंप, म्हणजे पुढची मूठ मागे-पुढे ओढून काडतूस भरायची. तिच्यासाठी ०.६६० इंचाचा टर्की चोक (नळीच्या तोंडाशी फिरवून बसवायची, छर्रे एकत्र ठेवणारी अरुंद नळकांडी) मागवला होता, तो आज आला. दुकानात म्हणाले, जुना काढा, नवा फिरवा, झालं. सेंट चार्ल्सचे काका बरीच वर्षं शिकारीला जातात असं गणपतीत कळलं होतं. काका, खरंच एवढंच असतं का?

---

प्रेषक: सेंट चार्ल्स

अरे, एवढंच नसतं. चोक फिरवणं पाच मिनिटांचं काम. पण तुझ्या बंदुकीत, तुझ्या काडतुसाबरोबर तो काय करतो हे कागदावर दिसेपर्यंत तो तयार झाला असं मी मानत नाही.

आधी बंदूक रिकामी आहे हे डोळ्यांनी बघ, चेंबरमध्ये, म्हणजे काडतूस बसतं त्या जागी, बोट घालूनही बघ. काडतुसं दुसऱ्या खोलीत ठेव. नव्या चोकला कारखान्यातलं तेल असतं, कधी आट्यांत धातूचा बारीक कीसही सापडतो. सॉल्व्हंट आणि जुना टूथब्रश घेऊन आतून-बाहेरून घास, कोरडा पूस. नळीतले आटेही तसेच साफ कर. तिथे काजळी राहिली तर चोक तळापर्यंत बसत नाही. मग आट्यांना चोकचं ग्रीस अगदी पातळ लाव आणि हातानेच फिरव. अडकला तर जोर करू नकोस, उलटा फिरवून काढ. पूर्ण बसल्यावर किल्लीने जरासा आवळ. ५०० चे आटे विंचेस्टरशी आणि ब्राउनिंगच्या जुन्या इन्व्हेक्टर चोकशी जुळतात, पण मॉसबर्गच्याच ८३५ शी जुळत नाहीत. तेव्हा डबीवरचं नाव ताडून घे.

पंपची नळी सहज निघते. ती काढून मागच्या टोकाकडून उजेडात बघ. चोकची मागची कड नळीत डोकावताना दिसली तर ती बंदूक झाडायची नाही. छर्रे त्या कडेवर आदळले तर चोकही जातो, नळीही जाते. या चोकमधून स्लग (छर्र्यांऐवजी एकच मोठी गोळी) कधीच नाही. स्टीलचे छर्रेही, बनवणाऱ्याने स्पष्ट परवानगी दिली नसेल तर, नाहीत.

आता खरं काम. १२ गेजच्या नळीचा आतला व्यास साधारण ०.७२९ इंच, नेहमीचा फुल चोक ०.६९५ च्या आसपास. तुझा त्याहून बराच अरुंद. जितका अरुंद तितका मारा दाट, असं धरून चालू नकोस. शिसं मऊ असतं. फार दाबलं की छर्रे वेडेवाकडे होऊन बाजूला उडतात आणि मधला भाग विरळ पडतो. एकाच चोकमधून दोन कंपन्यांची काडतुसं अगदी निराळी वागतात. म्हणून जे काडतूस जंगलात नेणार तेच रेंजवर झाडायचं.

तीन-चार फूट रुंद कागद लाव, मधोमध ठिपका काढ. बंदूक टेकवून, आधी १५ यार्डांवर हलकी स्वस्त काडतुसं झाडून माऱ्याचा मध्य ठिपक्यावर पडतो का बघ. मग ४० यार्डांवर हंगामाचं काडतूस. ठिपक्याभोवती १० इंच व्यासाचं वर्तुळ काढून आतली भोकं मोज. शंभर किंवा जास्त, हे शिकाऱ्यांमधलं रूढ माप. एका कागदावर विश्वास ठेवू नकोस, निदान तीन बघ. शंभर भरत नसतील तर ३५ वर ये, मग ३० वर. जिथे भरतील तिथे तुझी हद्द, मग समोर केवढाही मोठा नर उभा असो. २० यार्डांवरही एक कागद नक्की झाड. मारा तिथे इतका गोळा होऊन जातो की नेम थोडा हलला तरी पक्षी पूर्ण चुकतो.

नेम मानेवर आणि डोक्यावरच धरायचा. पिसं आणि छातीचे स्नायू छर्रे अडवतात, पक्षी जखमी होऊन उडून जातो आणि झुडपात कुठेतरी मरतो. हे टाळण्यासाठी ही सगळी खटपट. पिसारा फुलवलेला असताना त्याची मान आखडलेली असते. मान उंच करेपर्यंत थांब.

---

प्रेषक: कॅन्सस सिटी

काका, वाचून अस्वस्थ झाले. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यापासून वन्यप्राण्यांवर बंदूक उचलत नाहीत. मंडळाच्या ईमेल-यादीवर हे असावं का?

---

प्रेषक: सेंट चार्ल्स

ताई, तुमची अस्वस्थता समजते आणि तो कायदा हवाच होता. इथली कथा वेगळी आहे. मिझुरीतली जंगली टर्की विसाव्या शतकाच्या मध्याला जवळजवळ संपली होती. उरलेले पक्षी पकडून दुसरीकडे सोडत ती परत वाढवली, आणि वसंतातला आधुनिक हंगाम १९६० मध्ये सुरू झाला. परवान्याचे पैसे आणि बंदुका-काडतुसांवरचा केंद्रीय कर (१९३७ चा कायदा) याच कामाला लागतो. वसंतात मारतात तो मुख्यतः नर, तोही ठरलेल्या मर्यादेत. आमच्या घरी तो खाल्लाही जातो. तरीही कोणाला पटत नसेल तर मी वाद घालणार नाही.

---

प्रेषक: यादीचे व्यवस्थापक

विषय चालू राहू दे. एक सूचना: एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्यांना अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगायला एरवी मनाई आहे. वैध शिकार परवाना हा त्यातला एक अपवाद. काहीही विकत घेण्याआधी वकिलाला विचारा.

---

प्रेषक: कोलंबिया

काका, माझं ग्रीन कार्ड आहे, ती काळजी नाही. रेंजवर जाऊन आलो. दोन औंसांचं, ५ नंबर शिशाचं काडतूस. ४० वर वर्तुळात साठ-सत्तर, ३० वर शंभराच्या बऱ्याच वर. पण दोन्हीकडे दाट भाग ठिपक्याच्या उजवीकडे, हातभर नाही पण चांगला चार बोटं. टंगस्टनची काडतुसं घेऊ का?

---

प्रेषक: सेंट चार्ल्स

छान काम केलंस. काडतूस बदलण्याआधी उजवीकडचा प्रश्न सोडव, कारण महागडं काडतूसही उजवीकडेच जाणार. चोक ढिला झालाय का बघ. काही बार झाडल्यावर तो सैल होतो, बंदूक रिकामी करून पुन्हा आवळायचा. तो घट्ट असेल तर ५०० वर रेड डॉट (लाल ठिपका दाखवणारं नेमाचं भिंग) बसव आणि ठिपका माऱ्याच्या मध्यावर आण. नळीच्या टोकावरच्या नेमाच्या नुसत्या मण्याने हे दुरुस्त होत नाही.

टंगस्टनच्या छर्र्यांची घनता १८ च्या आसपास, शिशाची ११.३. म्हणून ९ नंबरचा (नंबर मोठा तितका छर्रा लहान) बारीक छर्राही खोल जातो आणि एका काडतुसात संख्या खूप जास्त मावते. ४० यार्ड हवेच असतील तर घे, पण त्याचेही कागद नव्याने झाडावे लागतील. या वर्षी मी तुझ्या जागी असतो तर शिशावर आणि ३० यार्डांवर समाधानी राहिलो असतो. बसशील त्या झाडापासून ३० यार्डांवरचं एखादं खोड उजाडताच रेंजफाइंडरने (अंतर मोजायच्या यंत्राने) हेरून ठेव, त्याच्या अलीकडे येईपर्यंत सेफ्टीला हात नाही.

आणि लाल, पांढरं, निळं काही अंगावर नको, रुमालसुद्धा. नराच्या डोक्याचे रंग तेच, दुसरा शिकारी फसू शकतो. चालताना नारिंगी टोपी घाल. रेड डॉट बसला की कळव, शनिवारी रेंजवर येतो. कागद मी आणतो.